गार दाखवणारा काटा

निंगव्वाची म्हैस पहाटेपासून अडली होती. डॉक्टर महेश्वरी तिच्या वस्तीवर पोचली तेव्हा आठ वाजून गेले होते. रेडकाचा एक पाय मागं दुमडला होता. खांद्यापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून, तिनं तो पाय चाचपत सरळ केला आणि पाऊण तासानं रेडकू बाहेर आलं. ओलं, काळं, थरथरणारं, पण जिवंत. निंगव्वानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला आणि मगच चुलीवर चहा ठेवला.

चहा पिऊन महेश्वरी गाडीत बसली, किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. गाडीत पेट्रोलचा भपकारा पसरला.

"काय झालं बाई?" निंगव्वा दारातून म्हणाली.

"गरम असली की चालू होत नाही. तासभर थांबलं की होते. आपण मधे एवढा वेळ घालवला, तरी अजून निवली नाही बघा."

"माज्या म्हाताऱ्यागत हाय की. एकदा बसला की उठत न्हाय."

महेश्वरीला हसू आलं, पण तिकडं दवाखान्यात लोक शेळ्या घेऊन येऊन थांबले होते आणि शिपायाचे दोन फोन होऊन गेले होते. ती दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावी सरकारी पशुवैद्यक होती. राहायला सोलापुरात शुक्रवार पेठेत. रोजचं जाणं-येणं, शिवाय वाड्यावस्त्यांवरच्या फेऱ्या, सगळं ह्या बारा वर्षांच्या पेट्रोल गाडीवर चालायचं. गेले दोन महिने गाडी असा त्रास देत होती. सकाळी निमूट चालू व्हायची, पण मधे कुठं थांबवली की रुसायची. पेट्रोल पाण्यासारखं पीत होती.

गॅरेजला दोनदा दाखवून झालं होतं. एकदा प्लग बदलले, एकदा इंजेक्टर साफ केले. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. शेवटी मेकॅनिकनं डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडं बोट दाखवलं होतं. "मॅडम, काटा बघा की. तळाला हाय. इंजिन गारच हाय तुमचं. पेट्रोलच खराब येतंय बहुतेक, पंप बदलून बघा."

तिनं पंपही बदलून बघितला होता.

निंगव्वाच्या अंगणात ती तशीच बसून राहिली. ज्वारीची काढणी चालली होती, बांधावर कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या. अर्ध्या तासानं गाडी चालू झाली. मागच्या पाइपातून काळा धूर निघाला आणि निंगव्वानं पदर नाकाला लावला.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना महेश्वरीनं हे सगळं घरात सांगितलं. घरात सासू-सासरे आणि ती, तिघंच होते. नवरा सोमेश औषध कंपनीच्या कामासाठी महिनाभर हुबळीला गेला होता. सासरे शिवशरण श्रीपूरच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षं इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. बॉयलरपासून साखर शिजवायच्या कढयांपर्यंत जिथं जिथं तापमान आणि दाब मोजायचा, तिथले सगळे काटे आणि मीटर त्यांच्या ताब्यात. निवृत्त होऊन आता बारा वर्षं झाली होती. मोजकं बोलायचे. सुनेशी तर आणखी मोजकं.

सासूनं, ईरम्मानं, त्यांच्या ताटात वाढलं. "भाजी उजवीकडं वाढलीय. चटणी वर, मिठाशेजारी," ती म्हणाली. असं ती रोजच सांगायची. महेश्वरीला वाटायचं, जुन्या माणसांची रीत.

"धूर काळा येतो?" शिवशरण मान वर न करता म्हणाले.

"हो."

"मागच्या पाइपात बोट फिरवलं तर काजळी लागते?"

"लागते. मी बघितलं."

"आन काटा?"

"काटा खालीच असतो मामा. हलतच नाही. म्हणून तर मेकॅनिक म्हणतो इंजिन गार आहे."

"बॉनेटवर हात ठेवलास कदी?"

"ठेवला. चटका बसतो."

शिवशरणांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "मग काट्याचं कशाला ऐकायचं? हाताचं ऐकायचं. इंजिन आजारी न्हाय ग. इंजिनचा थर्मामीटर आजारी हाय."

"म्हणजे?"

"इंजिन गार ठेवायला आत कूलंट फिरतं. ते किती तापलंय हे बघायला तिथं एक सेन्सर असतो, बोटाएवढा. तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, इंजिन गार हाय की गरम. गार इंजिनला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. आता हा सेन्सर दिवसभर सांगतोय, गार हाय, गार हाय. कॉम्प्युटर बिचारा ओतत बसलाय. तापलेल्या इंजिनात एवढं पेट्रोल गेलं की प्लग भिजणार, मग चालू कसं व्हायचं?"

"एवढंच?"

"एवढंच न्हाय. रेडिएटरचा पंखा पण ह्याच्याच शब्दावर लागतो. तू मोकळ्या रस्त्यानं जातीस, वारा लागतो, म्हणून चाललंय. एक दिवस कुठं गर्दीत अडकलीस की पंखा लागणार न्हाय, इंजिन उकळणार, आन काटा शेवटपर्यंत गारच दाखवणार."

महेश्वरीनं पाण्याचा पेला खाली ठेवला. दोन महिन्यांत हे कुणीच सांगितलं नव्हतं.

"गॅरेजला नेऊ उद्या?"

"गॅरेज कशाला? परवा दुसरा शनिवार हाय, सुट्टी हाय तुला. हात तुझे, सांगणं माझं." आणि पुढं म्हणाले, "सकाळी लवकर करू. इंजिन पूर्ण गार पाहिजे. गरम असताना उघडलं तर कूलंट अंगावर उडतं, सालं निघतात."

शनिवारी सात वाजता दोघं गल्लीत आले. गाडी कोपऱ्यावरच्या बंद दुकानापुढं उभी असायची, तिथंच काय ती रुंद जागा होती. शिवशरणांनी कॉटखालची पत्र्याची पेटी आणली होती. पाने कापडात गुंडाळलेले होते. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि एकेक पाना हातात घेऊन, अंगठा फिरवून, रांगेनं मांडत गेले. बारा, चौदा, सतरा, एकोणीस. आकड्यांकडं त्यांनी बघितलंही नाही. महेश्वरीला कौतुक वाटलं.

तिनं बॉनेट उघडलं. आतला पसारा बघून ती म्हणाली, "ह्यात शोधायचं कुठं?"

"पुढं जाळीचा रेडिएटर हाय. त्याला दोन जाड रबरी पाइप. वरचा धर."

"धरला."

"आता तो धरून धरून इंजिनकडं जा. पाइप जिथं संपतो तिथं धातूचं नाकाड हाय. त्यात थर्मोस्टॅट असतो. सेन्सर त्याच्या आसपासच बसवलेला असणार. गरम पाणी जिथून बाहेर पडतं, तिथंच बसवतात."

तिनं वाकून बघितलं. "मधे एअर फिल्टरचा डबा आलाय. काही दिसत नाही."

"मग काढ डबा. दोन क्लिपा आन एक पट्टी असंल."

डबा निघाला. तरी वायरींचा गुंता होता आणि त्याखाली अंधार. ती मोबाइलचा उजेड पाडून बघत होती, तेवढ्यात शिवशरण उठले. बॉनेटच्या कडेला हात लावून लावून शेजारी आले. त्यांनी उजवा हात आत घातला आणि तोंड समोरच्या भिंतीकडं केलं. बोटं पाइपवरून पुढं सरकली, नाकाडावर थांबली, खाली उतरली, एका वायरीला शिवली, ती सोडून दुसरीकडं गेली.

"हितं हाय," ते म्हणाले. "दोन वायरींचं सॉकेट. घे, माझ्या बोटाजवळ हात आण."

तिनं हात नेला. त्यांच्या तर्जनीच्या टोकाशी प्लॅस्टिकचं छोटं टोपण लागलं.

"हिरवं असंल बघ," ते म्हणाले.

तिनं उजेड पाडला. "नाही मामा. करडं आहे."

"व्हय का? आमच्या वेळी हिरवं असायचं."

तिनं क्लिप दाबून सॉकेट ओढलं. दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा निघालं. शिवशरणांनी एकोणीसचा पाना पुढं केला, पण ती तोवर दुसऱ्या बाजूला गेली होती. पाना हवेत तसाच राहिला. तिनं वळून घेतला. ह्याचंही तिला काही वाटलं नाही. माणूस आपल्या नादात असलं की असं होतं.

"अर्धा फेरा पान्यानं, पुढं हातानं. आन निघाला की लगेच अंगठा लाव भोकावर, कूलंट येईल."

आलंच. हिरवट पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. अंगठा दाबून धरत ती म्हणाली, "शिरेतनं रक्त यावं तसं येतंय." शिवशरण खुशीत हसले आणि चिंधी गुंडाळलेलं बाटलीचं बूच त्यांनी तिच्या हातात दिलं. ते त्यांनी आदल्या दिवशीच करून ठेवलं होतं.

सेन्सर पितळेचा होता, करंगळीच्या दोन पेरांएवढा. दिसायला धडधाकट.

"बदलायच्या आधी तपासायचा," शिवशरण म्हणाले. "न तपासता बदलणं हे काम नव्हं, जुगार हाय. उकळतं पाणी आण."

ईरम्मानं चहाच्या पातेल्यात पाणी आणून पायरीवर ठेवलं. "हे घ्या पाणी, उजव्या हाताला ठेवलंय. आन ह्या पातेल्यात परत चहा होणार न्हाय, सांगून ठेवते," असं म्हणून ती आत गेली.

पेटीत जुना मल्टिमीटर होता. त्यातली बॅटरी शिवशरणांनी काल बदलून घेतली होती. त्यांनी त्याची दोन टोकं सेन्सरच्या पिनांना धरली. "तू आकडा वाच. माझा चष्मा आत राहिला."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. काडी बाहेर दिसत होती. महेश्वरी सांगणार होती, पण मीटरवर आकडा आला आणि ते राहून गेलं.

"चार हजार आठशे."

"आता पाण्यात धरतो. वाच."

"चार हजार सातशे... चार हजार सहाशे पन्नास. थांबला."

"बरोबर सेन्सर असता तर उकळत्या पाण्यात तीनशेच्याही खाली आला असता. गरम होईल तसा त्याचा विजेला विरोध कमी व्हायला पाहिजे, आन आकडा उतरायला पाहिजे. हा उकळत्या पाण्यात बसून थंडी वाजते म्हणतोय."

आता दोघंही हसले. लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासऱ्यांबरोबर असं गल्लीत बसून ती कधी हसली नव्हती.

नमुना म्हणून जुना सेन्सर घेऊन ती शेजाऱ्यांची स्कूटर मागून पार्टच्या दुकानात गेली. आटे तेच, पिना दोनच, सोबत तांब्याची चकती, हे सगळं तिनं सांगितल्याप्रमाणे जुळवून बघितलं. परत आली तेव्हा शिवशरण गाडीच्या पुढं उभे होते आणि नाकाडाची जागा फडक्यानं पुसत होते.

"मिळाला?"

"मिळाला."

"आण. आधी ह्याला पण पाणी दाखवू. नवा म्हणजे बरोबरच असं न्हाय."

मधल्या वेळात ईरम्मानं पाणी पुन्हा उकळून आणलं होतं. ह्या वेळी पातेलं तिनं पायरीच्या डाव्या टोकाला ठेवलं आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून घाईनं आत गेली. शिवशरण वळले. हातातलं फडकं ठेवायला म्हणून त्यांनी डावा हात पायरीकडं नेला. हात थेट पातेल्याच्या काठावर आदळला आणि ते उलटलं.

पाणी त्यांच्या डाव्या पायावर सांडलं. ते ओरडले नाहीत. नुसता श्वास ओढला आणि पायरी चाचपून खाली बसले.

आवाजानं ईरम्मा धावत आली. "एन आतु? काय झालं?" पालथं पातेलं बघून तिनं कपाळावर हात मारला. "माझंच चुकलं. पातेलं डावीकडं ठेवलंय म्हणून मी सांगितलंच न्हाय तुमाला!"

महेश्वरीनं बादली ओढली आणि त्यांच्या पायावर गार पाणी ओतत राहिली. पाऊल लाल झालं होतं, पण फोड दिसत नव्हता. पाणी वाटेत थोडं निवलं असावं. पाच मिनिटं, दहा मिनिटं ती तांब्यानं पाणी घालत होती. हात चालू होता आणि डोक्यात ईरम्माचं ते वाक्य फिरत होतं. सांगितलंच न्हाय. पातेलं उघड्यावर होतं, उन्हात चकाकत होतं. ते सांगायला कशाला पाहिजे?

मग एकेक आठवत गेलं. भाजी उजवीकडं. सकाळी ईरम्मा मोठ्यानं पेपर वाचते आणि हे ऐकतात. हिरवं सॉकेट. हवेत राहिलेला पाना. खिशातला चष्मा.

गुरांना दिसतं का हे विचारता येत नाही. त्यासाठी पशुवैद्यकांची एक साधी तपासणी असते. बाजूनं, वारा न लागू देता, डोळ्याकडं हात न्यायचा. दिसत असेल तर जनावर पापणी मिटतं. महेश्वरीनं हे हजार वेळा केलं होतं. तिनं तांब्या खाली ठेवला. शिवशरण समोर बघत बसले होते. तिनं उजवा हात हळूच त्यांच्या डाव्या डोळ्याकडं नेला, अगदी चार बोटांवर.

पापणी हलली नाही.

तिनं हात मागं घेतला. उजव्या बाजूनं नेला. बाजूनं काही नाही. थोडा समोर आणला तेव्हा ते चटकन मागं सरले.

"काय करतीस?" ते म्हणाले.

"मामा, डाव्या डोळ्यानं किती दिवस झाले दिसत नाही?"

गल्लीतून कुणी सायकलवर गेलं, त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"वर्ष झालं," ईरम्मा म्हणाली. ती उंबऱ्यावर बसली होती. "उजव्यानं समोरचं दिसतं, नळीतनं बघितल्यागत. बाजूचं न्हाय दिसत. दोन-अडीच वर्सांमागं शिबिरात डॉक्टर बोलले होते, काचबिंदू हाय. थेंब दिले होते, रोज घाला म्हणाले, जन्मभर. हे म्हणाले, थेंबानं काहीच फरक पडंना. बाटली संपली, आणली न्हाय."

"थेंबानं फरक पडत नसतो अत्ती! आहे ते टिकतं, एवढंच. तुम्ही मला सांगायचं तरी!"

"मीच न्हाय सांगू दिलं," शिवशरण म्हणाले. "तिला शपथ घातली होती."

"का पण?"

"तू दिवसभर उन्हातान्हात फिरून येतीस. सोमेश सारखा गावाला. त्यात आणखी हे."

"खरं सांगा."

शिवशरणांनी पाऊल बादलीत बुडवलं. मग म्हणाले, "माझ्या बापाचे डोळे असेच गेले. अक्कलकोटला आमचं घर होतं. शेवटची नऊ वर्षं एका खांबाला टेकून बसायचा. कोण आलं, कोण गेलं, विचारत. मी त्याला हाताला धरून बाहेर न्यायचो. बारा वर्षांचा होतो. पोरं हसायची. एकदा मी त्याचा हात सोडून पळालो होतो. जरा वेळच. परत आलो तर तिथंच उभा, हात पुढं केलेला." त्यांनी पाय बादलीतून बाहेर काढला. "मला तसा उभा राहायचं नव्हतं."

महेश्वरीच्या मनात राग होता, त्यांच्यावर, ईरम्मावर, सगळ्यात जास्त स्वतःवर. रोज गावोगावच्या गाईगुरांच्या पापण्या वर करून बघणारी डॉक्टर, आणि घरातल्या माणसाच्या ताटात भाजी कुठं आहे हे रोज सांगावं लागतं, ते ती वर्षभर ऐकत होती.

"तुमच्या वडिलांच्या वेळी थेंब नव्हते," ती शेवटी म्हणाली. "आता आहेत. डावा परत नाही येणार, खोटं सांगत नाही. उजवा ठेवता येईल. आत्ता जायचं. डोळ्याचा दवाखाना शनिवारी दुपारपर्यंत चालू असतो."

"कशावर न्यायला निघालीस? गाडीचं पोट उघडं पडलंय."

"रिक्षानं."

"रिक्षा नको," ते म्हणाले. आणि मग पहिल्यांदाच विनवल्यासारखं, "एवढं काम पुरं करू. मग तू म्हणशील तिथं येतो. हे अर्धवट टाकून मला तिथं नीट बसवायचं न्हाय बघ."

तिनं त्यांचा पाय पुसून मलम लावलं. ईरम्मानं तिसऱ्यांदा पाणी उकळून आणलं आणि ह्या वेळी ते महेश्वरीच्या हातात दिलं.

नवा सेन्सर गार असताना दोन हजारांवर होता. पाण्यात घातला आणि आकडा भरभर खाली आला. हजार, सहाशे, दोनशे नव्वद. ती मोठ्यानं वाचत गेली आणि शिवशरण प्रत्येक आकड्याला "हं" म्हणत गेले.

"बसव आता. तांब्याची चकती विसरू नको. पहिले आटे बोटानंच. अडखळला तर जोर लावायचा न्हाय, काढून परत लावायचा. नाकाड ॲल्युमिनियमचं हाय, आटे गेले की सगळंच गेलं."

"इथं वाकडा जातोय."

"डोळं मीट," ते म्हणाले. "बघू नको. म्हशीचं काम करतीस तसं कर."

तिनं डोळे मिटले. बोटांना भोकाची कड लागली, सेन्सर किंचित सरळ केला आणि आटे अलगद धरले. पान्यानं शेवटचा पाव फेरा. सॉकेट दाबलं तेव्हा टक असा आवाज झाला.

"बसलं," शिवशरण म्हणाले. "ऐकलं मी."

कूलंट भरलं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवूनच त्यांनी गाडी चालू करायला सांगितली, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. बुडबुडे येत राहिले, पातळी खाली गेली, तिनं पुन्हा भरलं. बुडबुडे थांबल्यावर झाकण लावलं. मग दोघं वाट बघत थांबले. ती ड्रायव्हरच्या जागेवर काट्याकडं बघत, ते बॉनेटवर तळहात ठेवून.

"हलला," ती ओरडली. "मामा, काटा हलला! पाव... आता अर्ध्याच्या खाली... अर्ध्यावर आला."

"जरा दम धर. अजून पंखा लागायचाय."

चार-पाच मिनिटं गेली. ईरम्माही दाराशी येऊन उभी राहिली. आणि मग घर्रर्र करत पंखा सुरू झाला, गरम वारा त्यांच्या लेंग्यावर आला. दीड मिनिट चालला आणि आपोआप थांबला. शिवशरणांनी मान हलवली. कारखान्यात काम संपल्यावर हलवत असावेत तशी.

"बंद कर. आता लगेच परत चालू कर."

तिनं किल्ली फिरवली. तापलेलं इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं. मागं धूर नव्हता.

त्यांनी स्वतःच पाने चाचपून कापडात गुंडाळले, पेटीत ठेवले, हात धुतले. घरात जाऊन धुवट सदरा घालून आले. गाडीचं दार तिनं उघडून धरलं नाही. नुसतं म्हणाली, "दार तुमच्या डाव्या हाताला आहे." ते उघडून बसले.

दवाखान्यात अडीच तास गेले. डोळ्याचा दाब मोजला, आत औषध घालून तपासलं. मग एका यंत्रापुढं बसवून हातात बटण दिलं. कुठंही ठिपका चमकला की दाबायचं. महेश्वरी बाहेरून ऐकत होती. बराच वेळ बटणाचा आवाज येत नव्हता, मग एकदम तीन-चारदा येत होता, मग पुन्हा शांतता.

डॉक्टर तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. डाव्या डोळ्याची नस गेली होती. उजव्यात मधलं तेवढं शिल्लक होतं. दोन प्रकारचे थेंब, दिवसातून तीनदा, वेळ चुकवायची नाही. दर महिन्याला दाब तपासायचा, गरज पडली तर शस्त्रक्रिया. "आहे तेवढं राखायचं आपल्याला," त्या म्हणाल्या. "आणि सहा महिने आधी आला असता, तर..."

"समजलं," शिवशरण म्हणाले. "दाब किती हवा?"

"सोळा-सतराच्या आत."

"आत्ता किती हाय?"

"बत्तीस."

"म्हंजे दुप्पट. हे आकडे मला दर वेळी लिहून देत जावा. मी तक्ता करतो. म्हणजे, सून करंल, मी सांगीन."

डॉक्टर हसल्या आणि त्यांनी चिठ्ठीच्या मागं आकडे मोठ्या अक्षरात लिहून दिले.

घरी यायला दुपारचे दोन झाले. महेश्वरीनं दवाखान्यातच बाकावर बसवून पहिला थेंब घातला होता. डोळे चुरचुरत होते म्हणून ते पापण्या मिटून होते. गाडी गल्लीत उभी राहिली तरी उतरले नाहीत.

"सोमेशला मी सांगू का?" तिनं विचारलं.

"न्हाय. लावून दे मला."

तिनं फोन लावून हातात दिला. पलीकडून सोमेशचा आवाज आला, मागं हॉटेलातली भांडी वाजत होती. शिवशरणांनी घसा साफ केला.

"सोमेश, मी बोलतोय. जेवलास? ... हां. ऐक. माझा डावा डोळा गेलाय. मी लपवून ठेवलं होतं, तुझ्या आईला बोल लावू नको. उजवा हाय. औषध चालू केलंय आजपासून." मग सोमेश काहीतरी भरभर बोलत राहिला. शिवशरणांनी ते सगळं ऐकून घेतलं. "न्हाय, तू काम टाकून येऊ नको. आलास की येशील. हितं आमी आहोत तिघं... हां, गाडी झाली दुरुस्त. सेन्सर होता. तिनंच बसवला."

फोन परत देऊन ते दार उघडून उतरले. दोन पावलं गेले आणि थांबले. मग मागं न वळता त्यांनी उजवा हात किंचित बाजूला केला. महेश्वरीनं गाडीला कुलूप लावलं, पुढं गेली आणि तो हात धरला.

"पायऱ्या तीन हायत," ती म्हणाली. त्यांच्यासारखंच बोलली हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि दोघं आत गेले.